तिकीट स्वस्त, दिवस महाग

१ ऑगस्ट २०१७ पासून मुंबई महापालिकेने भायखळ्याच्या राणीच्या बागेचं तिकीट वाढवलं. मोठ्यांचे पाच रुपये होते ते पन्नास झाले, मुलांचे दोनाचे पंचवीस. पेंग्विन नुकतेच आले होते, त्यांच्यावरच्या खर्चाची चर्चा घरोघर चालली होती, त्यामुळे या दरवाढीवर चांगलाच गदारोळ झाला. त्या गदारोळात त्याच निर्णयातली एक चांगली गोष्ट मागे पडली. आई-वडील आणि दोन मुलं अशा चौघांना मिळून शंभर रुपयांचं एक तिकीट ठेवलं होतं. सरकारी खिडकीवर हिशेब नेहमी माणशी होतो. लोक बागेत येतात ते घर म्हणून येतात, हे तिकीट ठरवणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी लक्षात आलं होतं, आणि मला त्या माणसाचं मनापासून कौतुक वाटतं. (एक उणीव राहिली. एकटी आई दोन मुलांना घेऊन आली तर सुट्या दरानेही शंभरच होतात, म्हणजे सवलत तिच्या वाट्याला येतच नाही. पण ही उणीव एका ठरावाने दूर होण्यासारखी आहे.)

तिकिटाचे दर वाढले की आपल्याकडे निवेदनं जातात, आंदोलनं होतात. व्हायला हवीतच. पण लहान मुलांच्या घराला रविवार महाग पडतो तो तिकिटामुळे, हे मला पटत नाही. महापालिकांच्या बागा, पुरातत्त्व खात्याची लेणी, सरकारी संग्रहालयं यांचं तिकीट अजूनही परवडतं. महाग पडतो तो तिकिटाच्या अलीकडचा आणि पलीकडचा दिवस. आणि तो महाग होतो तो उद्यान खात्याच्या, बस चालवणाऱ्यांच्या, रेल्वेच्या अगदी साध्या साध्या निर्णयांमुळे.

डोंबिवलीतलं एक घर डोळ्यांसमोर आणा. मुलगा सात वर्षांचा, मुलगी तीन वर्षांची. घरापासून स्टेशनपर्यंत रिक्षा, तिथून भायखळ्यापर्यंत लोकल. मुलगी पाचच्या आतली, म्हणून तिला तिकीट नाही, मुलाला अर्धं. भायखळ्याला पूर्वेकडे उतरलं की बाग चालत जाण्याच्या अंतरावर. फाटकावर शंभराचं तिकीट. जाण्या-येण्याचं भाडं धरूनही इथवरचा खर्च तीनशेच्या आत राहतो. आणि या तीनशेत काय काय मिळतं! पेंग्विन तर आहेतच. पण झाडं बघा, दीडशे वर्षांच्या बागेतली, मान वर करून बघावी लागणारी. शेजारी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ साली लोकांसाठी खुलं झालेलं, आणि त्याच्या आवारात घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उभा आहे. तीन वर्षांच्या मुलीला तो हत्ती जितका आवडतो तितका खरा हत्तीसुद्धा आवडेल की नाही, सांगता येत नाही.

आता याच दिवसाची दुसरी बाजू. रविवार आहे, म्हणजे मध्य रेल्वेवर दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक. गाड्या कमी, आहेत त्या खच्चून भरलेल्या, जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवलेल्या. मुलीला कडेवर घेऊन, पिशवी सांभाळत चढणं जमलं नाही की एक गाडी सोडायची, मग दुसरी. पोहोचेपर्यंत ऊन चढलेलं. पाण्याची बाटली संपली, विकत घ्या. मुलगी म्हणते शू आली. शौचालय शोधा, ते वापरण्याजोगं नसेल तर बाहेर एखाद्या हॉटेलात शिरा, आणि शिरलो म्हणून चार डोसे मागवा. दुपारचे दोन वाजले, बसायला सावली नाही, मुलं रडकुंडीला आली, तेव्हा जवळच्या मॉलमध्ये गार हवेत जायचं ठरतं. तिथे मुलांच्या खेळाच्या जागेत तासाला, मुलामागे काही शे रुपये, मोजे वेगळे, सोबत आत थांबणाऱ्या मोठ्या माणसाचे वेगळे. परतताना मुलगी खांद्यावर झोपलेली आणि संध्याकाळची गर्दी, म्हणून टॅक्सी. दिवसाचा हिशेब दोन हजारांच्या पुढे गेलेला असतो. यातले तीनशे सहलीचे. बाकीचे सगळे सावली, पाणी, शौचालय आणि बसायला जागा यांचे. जे शहराने द्यायला हवं होतं ते घरातल्या कमावत्या माणसाने बाजारातून विकत घेतलं.

पंचवीस-तीस हजारांत घर चालवणारं कुटुंब असा रविवार महिन्यातून एकदाही काढू शकत नाही. मग मुलं घरात राहतात. दहा बाय बाराच्या खोलीत, टीव्हीसमोर किंवा हातात फोन घेऊन. आणि आपण म्हणतो, हल्लीची मुलं मोबाइल सोडत नाहीत.

मे महिना आला की ‘सुट्टीत मुलांना कुठे न्याल?’ अशा याद्या सगळीकडे फिरू लागतात. त्यातला सल्ला बहुतेक एकाच वळणाचा असतो: घरून खाऊ न्या, लवकर निघा, जास्तीचे कपडे ठेवा, ओले रुमाल ठेवा, मुलांना गुंतवायला छोटे खेळ ठेवा. सल्ला वाईट नाही, मीही त्यातला बराचसा पाळते. पण या याद्या सगळी जबाबदारी घरावर टाकतात, आणि घर म्हणजे बहुतेक वेळा आई. रात्री जागून पिशवी भरणारी ती, सकाळी पाचला उठून पोळ्या लाटणारी ती, आणि दिवसभर ‘शौचालय कुठे असेल’ याचा मनात नकाशा आखत फिरणारीही तीच. ती कितीही कल्पक असली तरी बागेत नळ काढू शकत नाही, रस्त्यावर बस आणू शकत नाही. म्हणून हा प्रश्न सार्वजनिक आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांच्या कामांची जी यादी बाराव्या अनुसूचीत घातली, त्यात उद्यानं, बागा आणि क्रीडांगणं नावानिशी आहेत. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात आपण १९९२ मध्ये सामील झालो. त्याच्या ३१ व्या कलमात विश्रांतीचा आणि खेळण्याचा हक्क आहे. मुलाला खेळायला मिळणं ही आई-वडिलांच्या ऐपतीची बाब आहे, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

पैसे नाहीत, हे उत्तर मला मान्य नाही. पुणे महापालिका स्थापन झाली १९५० मध्ये. सहाच वर्षांनी, १९५६ साली, पेशवे पार्कमध्ये फुलराणी धावू लागली. नव्या, गरीब महापालिकेने मुलांसाठी चक्क एक आगगाडी आणली, रूळ टाकले, बोगदा केला. पुण्यातल्या तीन पिढ्यांचा पहिला प्रवास त्या गाडीतला आहे. मुंबईत मलबार हिलवरची कमला नेहरू बाग आणि तिच्यातलं बुटाच्या आकाराचं घर, म्हणजे म्हातारीचा बूट, हाही त्याच, पन्नासच्या दशकातला. बुटात शिरायला आजही पैसे पडत नाहीत. २०२५-२६ चा पुणे महापालिकेचा अर्थसंकल्प १२,६१८ कोटींचा होता आणि मुंबईचा ७४ हजार कोटींच्या पुढचा. तेव्हाच्या लोकांपाशी जे नव्हतं ते सगळं आज आहे. तेव्हा मुलं कुणाच्या तरी डोळ्यांसमोर होती, तेवढं आज दिसत नाही.

आजही खर्च होतो, पण तो दिसणाऱ्या गोष्टींवर होतो. रंगीत कारंजं, रोषणाई, शहराच्या नावाची मोठाली अक्षरं आणि तिथे फोटो काढायची जागा. किंवा एखादा मोठा प्रकल्प एकाच ठिकाणी. मलबार हिलवर २०२५ मध्ये झाडांच्या उंचीवरून जाणारी लाकडी पायवाट सुरू झाली, तिकीट २५ रुपये. सुंदर कल्पना आहे, मला ती मनापासून आवडली. पण मानखुर्दच्या मुलाला तिथे न्यायचं तर अर्धा दिवस प्रवासात जातो. केंद्र सरकारची नगररचनेची मार्गदर्शक तत्त्वं माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा असावी म्हणतात. मुंबईसाठी नेहमी सांगितला जाणारा आकडा सव्वा चौरस मीटरच्या आसपासचा आहे. ही जागा एका पिढीत वाढणार नाही, हे मलाही कळतं. म्हणून तर माझा आग्रह आहे त्या जागेचा पूर्ण दिवस, पूर्ण वापर होण्याचा.

आणि इथे सगळ्यात पहिली अडचण आहे ती दुपारच्या कुलपाची.

आपल्या शहरांतल्या पुष्कळ सार्वजनिक बागा सकाळी लवकर उघडतात, दहा-अकराला बंद होतात आणि चार-साडेचारला पुन्हा उघडतात. हे वेळापत्रक फिरायला येणाऱ्यांच्या सोयीचं आहे. सकाळी चालणारे, योगासनं करणारे, हास्यक्लबवाले, संध्याकाळी पाय मोकळे करणारे. त्यांची सोय जरूर व्हावी, त्यांतले कित्येक माझ्या आईच्या वयाचे आहेत. पण लांबून येणाऱ्या घराचं काय? नऊला निघून साडेदहाला पोहोचलेल्या कुटुंबाला अर्ध्या तासात शिट्टी मारून बाहेर काढतात. पुढचे पाच तास त्यांनी कुठे काढायचे? दीड-दोन वर्षांच्या मुलाची झोपेची वेळ नेमकी दुपारी एक ते तीन असते. झाडाखाली चादर अंथरून मूल निजवता आलं तर सगळ्या घराचा दिवस सावरतो. न निजलेलं मूल चारला जे रडं सुरू करतं ते घरी जाईपर्यंत थांबत नाही, आणि लहान मुलं घरी असलेल्या कुणालाही हे मी समजावून सांगायची गरज नाही.

दुपारी बाग बंद का, असं विचारलं की दोन कारणं सांगतात. झाडांना पाणी घालायचं असतं, साफसफाई असते. आणि दुपारी ‘नको ती माणसं’ येऊन बसतात. पाणी घालायला आणि झाडायला पाच तास सगळी बाग बंद लागत नाही. एक भाग बंद ठेवून दुसरा उघडा ठेवता येतो. दुसऱ्या कारणाबद्दल सांगायचं तर, रिकाम्या बागेत जे होतं ते भरलेल्या बागेत होत नाही. पाच कुटुंबं डबे उघडून बसली आहेत, आजीबाई नातवाला थोपटतायत, अशा जागी भीती वाटत नाही. शिवाय ज्यांना आपण ‘नको ती माणसं’ म्हणतो, त्यांत दुपारी दोन घटका टेकायला आलेला डिलिव्हरीवाला मुलगा असतो, कामाच्या दोन घरांमधला वेळ काढणाऱ्या मावशी असतात. सावलीवर त्यांचाही तितकाच हक्क आहे.

डब्यावर मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण माझ्या मते सगळ्या प्रश्नाची गाठ तिथे आहे.

गेल्या उन्हाळ्यात एका बागेच्या फाटकावर आमच्या पुढे एक कुटुंब उभं होतं. सुरक्षारक्षकाने पिशवी उघडायला लावली. वर टॉवेल, त्याखाली कापडात बांधलेला तीन पुडांचा स्टीलचा डबा. “मॅडम, डबा आत चालणार नाही.” सोबतच्या आजी म्हणाल्या, “अरे बाळा, लेकराचा दहीभात आहे तो. मोठ्यांचं राहू दे, त्याला तरी दोन घास भरवू दे.” तो मुलगा वीस-बावीसचा असेल. ओशाळून म्हणाला, “आजी, माझ्या हातात नाही हो. साहेबांची ऑर्डर आहे, माझी नोकरी जाईल.” शेवटी ते सगळे भिंतीलगतच्या फुटपाथवर, उभ्या केलेल्या दुचाकींच्या मधल्या जागेत बसले. आजींनी पदराने वारा घालत मुलाला भरवलं. लिंबाच्या लोणच्याची एक फोड आणि दहीभात, मूल मिटक्या मारत खात होतं. आत गेल्यावर पाळण्यांच्या शेजारी एक दुकान दिसलं. त्यावर वेफर्सची पाकिटं, थंड पेयं आणि आइस्क्रीम मिळत होतं, आणि त्याच्या मागे रिकाम्या पाकिटांचा खच पडला होता.

मनाईचं कारण सगळीकडे एकच दिलं जातं: लोक कचरा करतात. करतात, हे खरं आहे. पण स्टीलचा डबा मागे काही ठेवत नाही, तो घरी जाऊन घासला जातो. मागे राहतं ते विकत घेतलेल्या वस्तूचं वेष्टण. कचऱ्याची खरी काळजी असती तर डबा आत आला असता आणि पाकीट बाहेर थांबलं असतं. प्राणिसंग्रहालयाचं कारण वेगळं आहे, तिथे लोक पिंजऱ्यात खायला टाकतात आणि जनावरं आजारी पडतात. त्यामुळे पिंजऱ्यांच्या भागात खाणं बंद असणं योग्यच. मग फाटकाजवळ, पिंजऱ्यांपासून लांब, डबा खायची एक वेगळी जागा करा. चार कट्टे, वर मांडव किंवा झाड, एक नळ, दोन मोठे कचऱ्याचे डबे. इतकं पुरतं. पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या शाळांच्या सहली आणि कुटुंबं डबे घेऊन गेली आहेत, मोठमोठ्या झाडांखाली अंगतपंगत करून जेवली आहेत. ती बाग त्यामुळे बिघडली नाही. उलट लोकांचा तिच्यावर जीव जडला.

डब्याची परवानगी ही खाण्यापुरती गोष्ट नाही. चौघांचं बाहेरचं जेवण म्हणजे पाचशे-सहाशे रुपये. ते वाचले की त्याच घराला महिन्यात दोनदा बाहेर पडता येतं. आणि मराठी घरात सहल म्हटली की डबा हा तिचा अर्धा आनंद असतो. तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, गूळपोळी, शेजारच्या कुटुंबाने पुढे केलेले ढोकळे. मुलांना पदार्थाची चव कळते ती बहुतेक अशाच ठिकाणी, घरी नाक मुरडणारी मुलं झाडाखाली दुसऱ्यांदा मागून खातात.

शौचालयाबद्दल मुंबईतल्या बायकांनी २०११ पासून ‘राइट टू पी’ (लघवीला जाण्याचा हक्क) ही चळवळ चालवली आणि हा विषय चारचौघांत बोलता येईल असा केला. तिला लहान मुलांची बाजू जोडायला हवी. बाबा एकटा चार वर्षांच्या मुलीला घेऊन बागेत गेला तर त्याने तिला कोणत्या बाजूला न्यायचं? पुरुषांच्या बाजूला नेववत नाही, बायकांच्या बाजूला जाता येत नाही. मी अशा एका वडिलांना अनोळखी बाईंना ‘ताई, जरा हिला घेऊन जाता का’ असं विचारताना पाहिलं आहे, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची घालमेलही. एक वेगळी खोली, जिच्यात कुणीही पालक मुलाला घेऊन जाऊ शकेल, कमी उंचीचं भांडं, लंगोट बदलायला एक फळी, कडी आणि पाणी. एसटीच्या स्थानकांवर बाळाला पाजण्यासाठी हिरकणी कक्ष ही कल्पना महाराष्ट्राने रुजवली. तान्ह्यासाठी कडा उतरून गेलेल्या आईचं नाव आपण त्या खोलीला दिलं. ती खोली बागेत, संग्रहालयात, चौपाटीवरही हवी.

प्रवासाचं बोलायचं तर एसटीने घराचा विचार करून दाखवला आहे. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना पूर्वीपासून अर्धं, पाचच्या आत काहीच नाही. म्हणजे आई, वडील, सात वर्षांचा मुलगा आणि तीन वर्षांची मुलगी हे घर दोन तिकिटांत जातं. या सवलतीने किती माहेरपणं, किती जत्रा, किती देवदर्शनं घडली असतील. शहरातल्या बसचा प्रवास मात्र उलट्या दिशेने चालला आहे. मुंबईत बेस्टच्या बसचं किमान भाडं मे २०२५ मध्ये, ऐन उन्हाळी सुट्टीत, दुप्पट झालं: साध्या बसचे पाचाचे दहा, वातानुकूलितचे सहाचे बारा. बस चालवायला पैसे लागतात, तोटा वाढत होता, हे मान्य. पण कामाला जाणाऱ्याला जावंच लागतं, तो दहा रुपये देतो. सहलीला निघालेलं घर तेवढ्यावरून बेत रद्द करतं. पुणे मेट्रोने शनिवार-रविवारी तिकिटात ३० टक्के सूट ठेवली आहे आणि सुट्टीच्या दिवशी तिथे मुलांची झुंबड दिसते. गाडीतून दिसणारं शहर हीच त्यांची सहल असते. बेस्टने रविवारी मोठ्यांसोबतच्या बारा वर्षांखालच्या मुलांना मोफत बसू दिलं तर कितीसा तोटा वाढेल? दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या काचेपाशी बसून कुलाब्याकडे जाणं हा मुंबईतल्या मुलांचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा आनंद आहे, आणि त्याला नवीन काही बांधावं लागत नाही.

रविवारच्या मेगाब्लॉकवर माझा राग नाही. रूळ, सिग्नल, तारा यांची दुरुस्ती झालीच पाहिजे, ती करणारे लोक आपला रविवार घालवून ती करतात. पण गणपतीच्या किंवा दिवाळीच्या गर्दीच्या रविवारी रेल्वे ब्लॉक रद्द करते, म्हणजे तसं करता येतं. मे महिन्यातला एखादा रविवार असाच मुलांसाठी मोकळा ठेवा, तो महिनाभर आधी जाहीर करा, त्या दिवशी बागा पूर्ण वेळ उघड्या ठेवा, बस वाढवा. लोक आपोआप बाहेर पडतील.

पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंवर पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही, हे अनेक पालकांना ठाऊक नसतं. कार्ले, शनिवारवाडा इथे मुलं फुकट जातात, मोठ्यांनाही थोडक्यात जाता येतं. घारापुरीचं तिकीट भारतीयांना ४० रुपये. बोटीचं भाडं मात्र त्याच्या कितीतरी पट, आणि ते मुलांनाही पडतं. तिकीट आणि दिवस यांतलं अंतर इथेही तेच. सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत पीएमपीची ५० नंबरची बस वर्षानुवर्षं जाते, म्हणून तर पुण्यातल्या साध्या घरातल्या मुलांनी गड पाहिला. बस जिथे जाते तिथे गरिबाचं मूल जातं. कोल्हापूरचा रंकाळा मला यासाठी फार महत्त्वाचा वाटतो: काठावर कुणी अडवत नाही, वारा आहे, पाणी आहे, भेळ आहे, आणि राजारामपुरीतलं घर आणि शेजारच्या खेड्यातून आलेलं घर एकाच कट्ट्यावर बसतं. ठाण्याची तलावपाळी संध्याकाळी अशीच भरते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, की लोकांना मॉलच आवडतो, मुलंही तिथेच रमतात. आवडतो, यात नवल नाही. मॉलमध्ये गार हवा आहे, स्वच्छ शौचालय आहे, बसायला जागा आहे, गाड्यांची भीती नाही आणि दुपारी कुलूप नाही. लोक कशासाठी तिथे जातात ते नीट पाहिलं तर बागेत काय कमी आहे याची यादीच मिळते. पण मॉलमध्ये पैसे संपले की दिवस संपतो. आणि तिथे आपल्या मुलाला भेटणारी मुलं आपल्यासारख्याच घरांतली असतात. बागेतल्या घसरगुंडीवर टॉवरमधली मुलगी आणि चाळीतला मुलगा एका रांगेत उभे राहतात, भांडतात, नंबर लावतात, पुन्हा एकत्र घसरतात. शाळा वेगळ्या झाल्या, वस्त्या वेगळ्या झाल्या, आता ही एक जागा उरली आहे.

दुसरं असं म्हणतात, की मुलांना काय, ती मातीतसुद्धा रमतात. अगदी खरं आहे, पण ती माती राहिली आहे कुठे? बागांतून फरशा आणि सिमेंटचे ठोकळे बसले, हिरवळीवर ‘प्रवेश निषिद्ध’च्या पाट्या लागल्या, चेंडू खेळायला मनाई झाली, वाळूचे हौद बुजले. एप्रिलच्या दुपारी पत्र्याची घसरगुंडी हात लावू देत नाही, कारण तिच्यावर झाड नाही. एक हौद भरून वाळू, एक पाण्याचा नळ, चढता येईल असं एक झाड. तीन वर्षांच्या मुलाला दोन तास याहून जास्त काही लागत नाही. मुलांच्या गरजा इतक्या थोड्या आहेत म्हणूनच त्या पुऱ्या न होणं मला फार लागतं.

राज्यातल्या २९ महापालिकांच्या निवडणुका जानेवारी २०२६ मध्ये झाल्या. बऱ्याच शहरांत तोवर वर्षानुवर्षं प्रशासकांचा कारभार होता, तक्रार कुणाकडे न्यायची हेच कळत नव्हतं. आता दार ठोठावायला नगरसेवक आहेत, आणि त्यांतले पुष्कळ जण स्वतः लहान मुलांचे आई-बाप आहेत. त्यांनी एका रविवारी आपली गाडी घरी ठेवून, मुलांना घेऊन, बसने किंवा चालत आपल्याच प्रभागातल्या बागेत सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत राहून पाहावं. आमच्या भागातले आम्ही काही पालक त्यांना देण्यासाठी अर्ज तयार करतो आहोत. त्यात नवा पाळणा किंवा कारंजं मागितलेलं नाही. दुपारी फाटक उघडं, चालता नळ, कडी लागणारं आणि वडिलांनाही मुलीला नेता येईल असं एक शौचालय, आणि डबा उघडून बसायला सावलीतला कट्टा, एवढंच आहे. हे सगळं परीक्षा संपायच्या आत व्हावं, असं तारखेसकट लिहिलं आहे, कारण सुट्टी लागल्यावर अर्जावर शेरा पडेपर्यंत जून उजाडतो.